रिकाम्या विमानापेक्षा हलकं

"मॅडम, तुमची विमानं उडताना आपलं वजन घरी ठेवून जातात का हो?"

तपासनीस मुलगी हे हसत म्हणाली. बाहेरच्या संस्थेकडून आलेली, वय अठ्ठावीस-तीस, चहा बिनसाखरेचा. तीन दिवस ती बाईंच्या समोरच्या टेबलावर बसून कंपनीच्या वर्षभराच्या नोंदी चाळत होती. तिने स्क्रीन बाईंकडे वळवली आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"हे बघा. उड्डाणाच्या वेळचं वजन सदतीस हजार दोनशे चाळीस किलो. आणि हे विमान नुसतं रिकामं, म्हणजे आत माणूस नाही, टाकीत थेंब नाही, तरी बेचाळीस हजार सहाशेचं. पाच टन गेले कुठे?"

"टायपिंगची चूक असेल," बाई म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं. पण अशा एकशे सत्याऐंशी सापडल्यात."

बाईंनी चष्मा लावला.

बाईंचं काम ऑफिसात कुणाला धड कळलेलं नव्हतं. विमान इंधन जाळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचा हिशेब दुसऱ्या टेबलावर होत असे. जेवढं इंधन त्या प्रमाणात वायू, एक गुणाकार केला की काम संपलं. बाईंच्या वाट्याला उरलेलं सगळं आलं होतं. काजळी, वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि विमानामागे उमटणारा पांढरा पट्टा. वरची हवा पुरेशी थंड आणि दमट असली तर तो पट्टा विरत नाही. तासन्‌तास पसरतो, त्याचा पातळ ढग होतो आणि तो जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही. कुठल्या विमानाने केवढा पट्टा सोडला हे कुणी वर जाऊन मोजत नाही. विमान कोणत्या मिनिटाला कुठे होतं, किती उंचीवर, इंजिन कुठलं, इंधन कसलं, वजन किती, हे भरलं की मॉडेल अंदाज काढतं. ऑफिसात त्या पट्ट्याला शेपूट म्हणत आणि बाईंना शेपूटवाल्या बाई. "काय बाई, आज किती शेपटं मोजली?" असं लिफ्टमध्ये कुणीतरी विचारत असे. बाई खरोखरच आकडा सांगत.

विमानाचा मार्ग आणि उंची आपोआप यायची. वजन मात्र हाताने भरावं लागे. उड्डाणाआधी वजनाचा कागद तयार होतो, कॅप्टन तो तपासून सही करतो, विमान जातं. मग संचालन कक्षातला माणूस त्या कागदावरचा आकडा बाईंच्या तक्त्यात उतरवतो. म्हणजे आकडा इथे चुकला तरी विमानाला धोका नव्हता. धोका फक्त अहवालाला. भरायचा राहिलेला प्रत्येक रकाना त्याच दिवशी दुपारी बाईंच्या स्क्रीनवर यादीत येई आणि बाई संचालन कक्षाला फोन लावत. तरीही आकडा मिळाला नाही तर नियमाप्रमाणे गृहीत आकडा धरला जाई. गृहीत आकडा नेहमी वाईट बाजूचा असतो. माहिती नसेल तर वाईटात वाईट झालं असं समजायचं, हा त्या कामाचा पाया होता.

कोऱ्या रकान्यांवर बाईंची नजर घारीची होती. भरलेल्या रकान्यांकडे मात्र त्यांनी वर्षभर पाहिलं नव्हतं. आकडा शक्य आहे की अशक्य, हे तपासणारी चाळणी सॉफ्टवेअरमध्ये यंदापासून बसवायची ठरली होती.

"कुणी भरलंय हे?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या एकाच माणसाच्या आहेत. कर्मचारी क्रमांक चौदा."

सदतीस हजार दोनशे चाळीस. हा आकडा त्यांनी फार पूर्वी स्वतःच्या घरात ऐकला होता, दाढी करताना कुणीतरी पुटपुटावा तसा. कंपनीने अकरा वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या छोट्या विमानांचा होता तो. सकाळची फेरी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

"तो क्रमांक माझ्या यजमानांचा," त्या म्हणाल्या.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली.

"डिसेंबरमध्ये त्यांनी नोकरी सोडली. विसरण्याचा आजार आहे." बाईंनी हे वाक्य आजवर बऱ्याच जणांना सांगितलं होतं, त्यामुळे ते सरळ बाहेर आलं. "डॉक्टरांनी विचारलं होतं, सुरुवात कधीपासून. मी ऑक्टोबर सांगितला होता."

मुलीने नोंदी तारखेप्रमाणे लावल्या. ऑक्टोबरात एकतीस होत्या. सप्टेंबरात चोवीस. जूनमध्ये चौदा, एप्रिलमध्ये पाच. मार्चमध्ये दोन, त्यातली पहिली नऊ तारखेची, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भरलेली.

नऊ मार्च. बाईंनी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.

मॅनेजरांनी दार लावून घेतलं. बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे काटेसाहेबांच्या हाताखाली शिकलेला माणूस. काटेसाहेब हे काही खरं आडनाव नव्हे. तराजूचा काटा हलेल पण हा माणूस हलणार नाही, म्हणून पडलेलं नाव. ते पुढे इतकं रुळलं, की लग्नपत्रिकाही त्याच नावाने यायच्या.

"बाई, मी एक सुचवू? मार्चमध्ये आपण तक्ता बदलला होता. जुन्याचा नवा केला. लिहून टाका, सॉफ्टवेअरच्या गोंधळात जुने आकडे घुसले. कोण बघतंय?"

"ती बघतेय."

"ती पोरगी चांगली आहे. समजून घेईल."

"समजून घेईल हो. पण यंत्रणेचा दोष म्हटला की त्या काळातल्या सगळ्यांच्याच नोंदी बाद होतात. संचालन कक्षातली सातही माणसं. त्यांनी काय पाप केलंय?"

मॅनेजरांनी कपाळ चोळलं. "आणि माणसाचा दोष म्हटला तर?"

"तर त्या एका माणसाच्या. पहिल्या शंकेच्या तारखेपासून, सगळ्या."

"बरोबर होत्या त्यासुद्धा?"

"त्यासुद्धा."

"ते वजनाचे मूळ कागद असतील ना कुठे?"

"तीन महिन्यांनी नष्ट करतात. तुम्हीच काढलाय तो आदेश."

मॅनेजर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "अहो बाई, त्या माणसाने मला आकडा दोनदा वाचायला शिकवलं. त्यांच्या नावापुढे 'ग्राह्य नाही' लिहायचं? त्यांना कळणारसुद्धा नाही, म्हणून मला जास्त..." ते थांबले. "पाचपर्यंत पाठवायचंय. तुम्ही ठरवा. मी त्यावर सही करेन."

बाईंनी एकशे सत्याऐंशी ओळींचा कागद छापून घेतला, फायलीत घातला आणि जेवणाच्या सुट्टीत घरी गेल्या. घर पायी बारा मिनिटांवर होतं.

दार नणंदेने उघडलं. ती दोन गल्ल्या सोडून राहायची, सकाळी दहाला यायची, बाई परतल्या की जायची.

"वहिनी, आत्ता कशा? बरं आहे ना?"

"बरं आहे. एक कागद दाखवायचाय यांना. वन्सं, जेवले का?"

"जेवला. भांडून जेवला. म्हणे डब्यात कालचंच आहे. म्हटलं दादा, डबा कुठला, ताटात वाढलंय तुला. तर म्हणतो, तेच सांगतोय, ताटात कालचंच आहे." ती हसली, मग बाईंचा चेहरा बघून हसू आवरलं. "काय झालं?"

काटेसाहेब टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी वर पाहिलं. बाईंच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, हातात फाइल. आणि ही त्यांची घरी यायची वेळ नव्हती. काटेसाहेब चटकन उठले.

"या, या. ऑडिटकडून का?"

वन्संनी तोंड उघडलं. बाईंनी हाताने थांबवलं. 'अहो, मी आहे' असं त्या याआधी बऱ्याचदा म्हणाल्या होत्या. मग ते ओशाळत, स्वतःवर चिडत, पुन्हा शांत व्हायला तास जाई. आज तेवढा तास नव्हता.

"हो," बाई म्हणाल्या. "काही नोंदींचं विचारायचं होतं, साहेब."

"बसा ना. अगं, पाणी आण यांना."

वन्सं आत गेल्या त्या आतच राहिल्या. काटेसाहेबांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ आणला. बोट ओळीवरून सरकायला लागलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक आठवड्यांत बाईंनी तो असा पाहिला नव्हता.

"सदतीस दोनशे चाळीस. बरोब्बर. सकाळची फेरी, भरलेली. ही छत्तीस नऊशे, चार खुर्च्या रिकाम्या असणार. आणि ही बघा, ही उन्हाळ्यातली. उन्हाळ्यात आम्ही तीनशे किलो कमी घ्यायचो, धावपट्टी तापलेली असायची ना. एकही चूक नाही यात. घ्या."

"आकडे बरोबर आहेत, साहेब. पण ही विमानं ती नाहीत."

काटेसाहेबांनी ओळीच्या सुरुवातीचा विमान क्रमांक पाहिला. पुढची ओळ पाहिली. त्याच्या पुढची. बोट थांबलं.

"नाही," ते म्हणाले. "ही नवी आहेत."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून सांगतो. कागद समोर असायचा हो. सही-शिक्क्याचा, स्वच्छ. मी आकडा बघायचो, लिहायला मान वळवली की गेला. परत बघायचो, परत गेला. सकाळी नाही व्हायचं. जेवणानंतर व्हायचं. आणि ही जुनी मात्र," त्यांनी कपाळावर बोट टेकवलं, "ही जिथल्या तिथे. हलतच नाहीत."

"मग रकाना कोरा सोडायचा. कोरा चालतो की."

"मला चालला असता." ते किंचित हसले. "कोरे रकाने माझ्या बायकोकडे जातात."

बाईंनी फायलीचा बंद ओढून बसवला. तो बसलेलाच होता.

"तुम्ही ओळखत असाल तिला. ती शेपटांचं बघते. तिच्या हाती एक कोरा रकाना लागू द्या, मुळापर्यंत खणत जाते. एकाने इंधनाचा एक आकडा भरला नव्हता, चार दिवस त्याचा पिच्छा सोडला नाही तिने. शेवटी तो म्हणाला, काटेसाहेब, तुमच्या घरात तुम्ही कसे राहता हो?" ते स्वतःशीच हसले, मग थांबले. "माझे दोन रकाने कोरे गेले असते ना, तिने तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं असतं. तिला कळलं असतं."

"कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"घाबरली असती. दाखवत नाही ती. पण फार घाबरते."

आत वन्संच्या हातून पेला ठेवल्याचा आवाज आला. पाणी काही बाहेर आलं नाही.

बाईंना एक प्रश्न अजून विचारायचा होता. त्यासाठीच त्या आल्या होत्या. "पहिल्यांदा कधी झालं, आठवतं का, साहेब?"

"तारीख नाही सांगता येणार. थंडी सरत आली होती. दुपारी आकडा गेला, जुना लिहिला, बरं वाटलं. मग सुटल्यावर खाली फाटकाशी आलो आणि उजवीकडे जायचं की डावीकडे, तेच कळेना. रोज आम्ही फाटकाशी भेटायचो. मी परत वर गेलो आणि तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तिच्याबरोबर चालत राहिलो की पोचेन."

बाईंना ते आठवत होतं. तारखेने नव्हे. एके दिवशी ते टेबलाशी आले आणि मग रोजच यायला लागले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली होती, "बाई, या वयात प्रेम उतू चाललंय हो!" बाई लाजल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी नवी साडीसुद्धा काढली होती.

"पोचलो," काटेसाहेब म्हणाले. "रोज पोचलो."

बाई उठल्या. काटेसाहेब दारापर्यंत आले.

"तुम्हाला लिहायचं ते लिहा. खोटं लिहा असं मी कुणाला म्हणालो नाही कधी, आता कशाला म्हणू. नाव घालूनच लिहा, नाहीतर दुसऱ्या कुणावर जायचं. फक्त तिला नका सांगू."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या.

चार वाजता त्या तपासनीस मुलीसमोर बसल्या.

"लिहून घे. दोषाचं कारण, नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची प्रकृती. कर्मचारी क्रमांक चौदा. नऊ मार्चपासूनच्या सर्व नोंदी ग्राह्य धरू नयेत."

"मॅडम, तुम्ही ऑक्टोबर म्हणाला होता. ऑक्टोबरपासून डॉक्टरांचा कागदही आहे. त्याआधीच्या चुका मी नुसत्या चुका म्हणून घेऊ शकते. तेवढ्या बाद, बाकीच्या राहतील."

मुलीला मदत करायची होती, हे बाईंना दिसत होतं. त्यांनी जुलैमधली एक ओळ काढली. सकाळी सात वाजून वीस मिनिटं. वजन पासष्ट हजार एकशे दहा.

"ही बरोबर असणार," त्या म्हणाल्या. "सकाळच्या सगळ्या बरोबर असणार."

"असतीलही. तुम्ही सही कराल त्यावर?"

बाईंनी ओळीकडे पाहिलं. दोनदा पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नऊ मार्च लिही."

मुलीने लिहिलं. "माहिती कुणाकडून मिळाली, असा एक रकाना आहे. माझं नाव घालू? चूक तपासणीत निघाली म्हणून?"

"निघाली तपासणीत. सांगितली त्यांनी. लिही, स्वतः कर्मचाऱ्याकडून."

एकूण सहाशे अडतीस फेऱ्या होत्या. मुलीने त्यांच्यापुढे गृहीत आकडा लावला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. त्याला अकरा मिनिटं लागली. काटेसाहेबांनी नोंदवलेलं प्रत्येक विमान आता वाईटात वाईट वजन घेऊन गेलं होतं. कंपनीचा वर्षाचा आकडा वर चढला आणि तिथे थांबला. मॅनेजर आले, उभ्याउभ्याच सही केली, कुणाकडे न बघता गेले. पाचला सतरा मिनिटं कमी असताना अहवाल गेला.

"मॅडम, थोडा चहा घेऊ या?" मुलीने विचारलं.

"नको गं. घरी जाते. वन्सं थांबल्या असतील."

बाईंनी ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. अहवालाची एक प्रत नियमाप्रमाणे त्यांच्याकडे राहायची. ती त्यांनी बॅगेत घातली.

घरी दार काटेसाहेबांनीच उघडलं.

"अगं, आलीस? उशीर झाला आज."

"रिपोर्ट जायचा होता."

"गेला?"

"गेला."

वन्सं चपला घालत होत्या. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. काटेसाहेब दार लावून तिथेच घुटमळले.

"दुपारी ऑफिसातून एक बाई आल्या होत्या."

"हो का? कोण?"

"नाव नाही विचारलं मी. चांगल्या होत्या. घाई नाही केली." "जुन्या नोंदींचं काहीबाही विचारत होत्या. तुला भेटल्या का? बोलल्या का काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला कुणी काही बोललं नाही."

काटेसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "दमलीस. दे ती इकडे." त्यांनी बाईंच्या खांद्यावरून बॅग उतरवून घेतली. कागदाने जड झालेली ती बॅग दोन्ही हातांनी धरून नेली, आणि पडू नये म्हणून पट्टा नीट बघून खुंटीला अडकवली.